माझ्या रक्ताची पट्टी

खोटं बोलण्यात मी लहानपणापासून हुशार. पण एकदा मी असं खोटं बोलले, की माझ्या रक्तानंही मला साथ दिली. आम्हां दोघांना पकडलं ते गोंदियाच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या एका बाईनं. त्या बाईंवर मी तेव्हा कित्येक दिवस मनापासून चिडून होते. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर त्या चिडीचा मागमूससुद्धा सापडत नाही.

आमचं गाव सडक अर्जुनीपासून थोडं आत, तलावाला टेकून. हा तलाव आपल्याच घराण्यातल्या कुणीतरी बांधला, असं आमच्या घरातले पुरुष प्रत्येक लग्नाच्या मांडवात एकदा तरी सांगतात. माझ्या बाबांकडे त्या तलावाच्या पाण्याची राखण. कुणाच्या धानाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, पाट कुठे फुटला, कुणी चोरून आपल्याकडे वळवला, हे सगळं ते बघायचे. पाण्याच्या बाबतीत बाबांना फसवणं कठीण. बाकी बाबतींत त्यांना कुणीही फसवावं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला पोलीस व्हायचं होतं. गावातल्या आम्ही तिघी मुली भरतीची तयारी करायचो. सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या भरावावर, धावायचं, मग गोळा फेकायचा, मग घरी येऊन सामान्य ज्ञानाचं पुस्तक घोकायचं. बाकी दोघी आठशे मीटर पळून हसत-बोलत उभ्या राहायच्या. मी शेवटच्या शंभर मीटरला कशीबशी यायचे. छातीत हवा पुरायची नाही, मांड्या ठणकायच्या. तरी मी सोडायला तयार नव्हते, कारण घरात मला कुणी कामाची समजत नव्हतं आणि मला ते जिव्हारी लागलेलं होतं.

रोवणीच्या दिवसांत सगळ्या बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असायच्या आणि मी दुपारनंतर बांधावर बसलेली. थंडी पडली की माझे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे. कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली गेली, पथ्य झालं, जवसाच्या तेलानं मालिश झाली. दुखणं यायचं आणि आठवड्याभरात आपलं आपण निघून जायचं, त्यामुळे ते कुणाला खरंच वाटायचं नाही. "अंगचोर पोट्टी आहे," आई म्हणायची. "काम निंगालं का हिचे पाय दुखते." शाळेत एकदा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर आलं होतं. तेव्हा मी सुईच्या भीतीनं मागच्या कुंपणातून पळून गेले. आयुष्यात मी चांगली पळाले असेन, तर ती त्याच दिवशी.

पौषातल्या एका धुक्याच्या सकाळी मी धावता धावता पाळीवरच बसले आणि मग उठताच येईना. पाठ, छाती, मांड्या, सगळीकडे हाडांच्या आत दुखत होतं. मी इतकी ओरडले म्हणे, की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका धावत आल्या. मला फक्त ओल्या गवताचा वास आठवतो. बाबांनी मला गोंदियाला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर कागदावरून नजर वर करून म्हणाले, "चाचा, बच्ची के शरीर में खून ही नहीं है. पहले खून चढाना पडेगा, बाकी बातें बाद में." दोन पिशव्या रक्त चढवलं. तीन दिवसांत मी टुणटुणीत झाले. सुट्टी देताना डॉक्टरांनी सिकलसेलची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत नक्की करून घ्या, असं बजावलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

घरी आल्यावर आईनं पहिला हुकूम सोडला. "रक्त चढवलं म्हून कोणाले सांगू नोका. पोट्टी कामातून गेली म्हणतीन लोकं." मला वेगळीच काळजी होती. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हे कळलं, तर मला बाहेर काढतील. दोघींची कारणं वेगळी, पण ठराव एकमतानं मंजूर झाला. गावाला टायफॉइड सांगितला. दवाखान्याचा कागद बाबांनी ट्रंकेत, आईच्या लग्नाच्या लुगड्याखाली ठेवला.

तपासणी मात्र करावीच लागणार होती. महिनाभरानं जवळच्या सरकारी दवाखान्यात माझ्या बोटाचा थेंब एका नळीत टाकला आणि नळीतलं पाणी गढूळ झालं. तिथल्या सिस्टरनं समजावून सांगितलं, गढूळ झालं म्हणजे रक्तात सिकल आहे एवढंच कळतं. नुसती वाहक आहे की रुग्ण, हे गोंदियाला कळेल. वाहकाला पिवळं कार्ड मिळतं, रुग्णाला लाल. गावात पिवळ्या कार्डवाले पाच-सहा जण होते. ते शेती करायचे, नाचायचे, भांडायचे, त्यांना काही होत नव्हतं. मला पिवळं कार्ड हवं होतं. एकदा ते हातात आलं की मी पळायला मोकळी. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती.

गोंदियाच्या त्या प्रयोगशाळेत मॅडम मला पहिल्यांदा भेटल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, आमगावहून रोज रेल्वेनं येणाऱ्या. पांढरा कोट, त्यावर स्वेटर, आणि अंबाड्यात खोचलेली एक पेन्सिल. त्या एक जाड वही समोर ओढून पेनानं भराभर लिहीत होत्या. नाव, गाव, वय. मग त्यांनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाले. शेजारी उभे असलेले बाबा वरच्या बंद पंख्याकडे बघू लागले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. उठल्या, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून डोळा बघितला आणि परत बसल्या. पेन खाली ठेवलं, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि माझ्या उत्तराचा रकाना त्या पेन्सिलीनं भरला. मला वाटलं, पेनातली शाई संपली.

गुरुवारी आम्ही निकाल घ्यायला गेलो. मॅडमनी कागद द्यायच्या ऐवजी मला आत बोलावलं. "इकडे ये वं. तुले तुझं रक्त दाखवतो."

टेबलावर बोटाएवढी रुंद पांढरी पट्टी होती. तिच्यावर लाल रंगाच्या बारीक रेषा, कुंकवाच्या काडीनं ओढल्यासारख्या. मॅडम उभ्या उभ्याच समजावत होत्या. "रक्त लाल कशानं दिसते? हिमोग्लोबिननं. ते प्रथिन आहे, तेच अंगभर हवा पोचवते. कोणाचं साधं असते, त्याले आम्ही ए म्हणतो. सिकलचं असते ते एस. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला आणि वीज सोडली, का ए पुढं पळते आणि एस मागं राहते. दोघांचा निकाल रेषेवर लागते."

शर्यतीची भाषा मला समजत होती. मी माझ्या नंबराची जागा शोधली. तिथे दोन रेषा होत्या, एक पुढे, एक मागे. माझा जीव भांड्यात पडला. "दोन्ही आहेत ना मॅडम? म्हणजे मी वाहक."

"रेषा दोनच आहेत," त्या म्हणाल्या. "पण वाहकाच्या पट्टीत ए जाड असते. तुझी एस जाड आहे. हे जमून नाही राहिलं."

"पट्टी चुकली असन तुमची," मी फटकन म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टीच्या अगदी कडेच्या थेंबावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. तिथे एकच रेषा होती, पुढे, ठळक. "हे माझं रक्त आहे. प्रत्येक पट्टीवर एक थेंब माझा ठेवतो. माझी रेषा जागेवर नाही आली, तर सगळ्यांची पट्टी फेकून देतो आणि पुन्हा करतो. आज माझी जागेवर आहे. तुझी मी दोनदा केली." मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "रक्त चढवलं होतं का?"

"नाही."

पुन्हा वही, पुन्हा पेन्सिल.

बाबांचा मात्र पारा चढला. "मॅडम, पंधरा दिवसानं तिचं मैदान आहे. दोन रेषा आहेत ना? मंग सही कायले नाई करून राहिल्या? पिवळं कार्ड द्या, आमी जातो."

"भाऊ, चांगली बातमी द्यायले मले का जड आहे?" मॅडम म्हणाल्या. "पण ही बातमी मले पटून नाही राहिली. वाहक म्हणून ही पळन, आणि खरी रुग्ण असन, तर मैदानातच पडन. सोमवारी हिच्या आईले घेऊन या. आता तुमचं रक्त द्या."

"माझं? माझं काऊन?"

"हिले तुमच्याकडूनच मिळालं ना सगळं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या दंडाला रबर बांधायला लागल्या. बाबा सुईला माझ्याहून जास्त घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या एसटीत ते वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत दंड चोळत बसले. मी खिडकीकडे तोंड करून मॅडमना शिव्या घालत होते, मनातल्या मनात आणि अस्सल.

सोमवारी आम्ही तिघंही गेलो. मॅडमनी आईचं रक्त सकाळीच काढून घेतलं आणि आम्हांला दुपारपर्यंत थांबवलं. आवारातल्या झाडाखाली आम्ही डबा खाल्ला. दाराच्या फटीतून मला त्या दिसत होत्या. पट्टी ओली करताना, थेंब ठेवताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. मध्येच लाईट गेली, तेव्हा त्यांनी ती पट्टी सरळ कचऱ्यात टाकली आणि लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर त्यांनी जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. मी शत्रुपक्षात असूनही मला ते दिसलं. एवढी मेहनत ही बाई कुणासाठी करतेय, असा प्रश्न मला पडला आणि उत्तर मला आवडलं नाही.

दुपारी त्यांनी तिघांना टेबलाभोवती उभं केलं. नव्या पट्टीवर आम्ही शेजारी शेजारी होतो. बाबा, आई, मी, आणि कडेला मॅडम.

"भाऊ, ही तुमची. ही ताईंची. दोघांची ए जाड, एस बारीक. दोघंही वाहक, धडधाकट. तुमच्या घरात हे कितीक वर्षांपासून असन, कोणाले समजलं नसन. आता हिची बघा. एस जाड, ए बारीक. आईबापावानी वाहक असती, तर उलटं दिसलं असतं. दोघांकडून एसच आलं असतं, तर ए असतीच नाही. मग ही बारीकशी ए आली कुठून?"

आई माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारतील, आणि तिसऱ्यांदाही मी नाहीच म्हणेन. माझी पूर्ण तयारी होती.

पण बाबा पट्टीवर वाकले होते. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. आमच्या तलावाच्या वर आणखी एक तलाव आहे. त्याचं पाणी मुरमाडावरून येतं म्हणून लालसर, आमचं काळपट. वरच्या गावानं पाणी सोडलं की ते आमच्या पाटात मिसळतं, आणि पाटात आपलं किती आणि त्यांचं किती, हे बाबा बांधावर उभं राहून रंगावरून सांगतात. त्यावर गावात कधी वाद झालेला नाही. बाबा म्हणतील तेच खरं.

त्यांनी माझ्या बारीक रेषेवर बोट ठेवलं. "मॅडम," ते म्हणाले, "हे आमचं पाणी नोहे. हे बाहेरून आलं."

"बाबा!" मी ओरडले.

"चूप राय," बाबा म्हणाले. माझ्यावर ते कधीच ओरडत नाहीत आणि तेव्हाही ओरडले नाहीत. "दोन पिशव्या चढवल्या मॅडम. महिना-दीड महिना झाला. कागद घरी ट्रंकेत आहे."

मी भोकाड पसरलं. आठशे मीटर, गोळाफेक, खाकी, सगळं त्या एका वाक्यात गेलं. मी बाबांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. मॅडमनी मला बोलू दिलं. मग एक स्टूल सरकवून मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पी. पूर्ण पी. तुले आता पाण्याशी दोस्ती करा लागन." रक्त देणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचं ए माझ्यात फिरत होतं आणि त्याच्या जिवावर मी स्वतःला वाहक समजत होते. ते चार महिन्यांत संपणार होतं. माझं स्वतःचं सगळं एसच. दुखणं, पिवळे डोळे, धाप, सगळ्याचा उगम तिथे. आता पळणं बंद, डॉक्टरांकडे आजच जायचं, आणि उन्हाळ्यात तपासणी पुन्हा, असं त्यांनी सांगितलं.

मग त्या आईकडे वळल्या. "ताई, हिले लहानपणी फार दुखत असन ना? याच्यात लई दुखते. मोठे माणसं रडते."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईनं चूल पेटवली नाही. माझ्याजवळ येऊन बसली, माझे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि दाबत राहिली. "मले माहीत नोहतं वं," एवढंच ती म्हणाली, आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणाली. मला खाकी गेल्याचं दुःख होत होतं आणि त्याच वेळी आतून इतकं हलकं वाटत होतं, की मलाच लाज वाटली. मी कामचोर नव्हते. वीस वर्षं मी खरं बोलत होते आणि माझ्याकडे साक्षीदार नव्हता. तो आता बोटभर पट्टीवर मिळाला होता.

म्हणून काही मी लगेच शहाणी झाले नाही. मैदानी चाचणीच्या दिवशी त्या दोघी नवे बूट घालून जीपमध्ये बसल्या आणि मी पाळीवर बसून दिवसभर तलावात खडे मारले. त्यातली एक पुढे पोलीस झाली. ती वर्दी घालून गावात आली, तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून घरात झोपून राहिले. डॉक्टरांनी सुरू केलेली कॅप्सूल गिळताना रोज मॅडमचा चेहरा समोर यायचा आणि मी पाण्याबरोबर दोन शब्दही गिळायचे. पण त्या वर्षी रोवणीत आईनं मला बांधावरच बसवलं, डोक्यावर टॉवेल टाकला, पाण्याची बाटली जवळ ठेवली, आणि कुणी बाई काही बोलायला लागली की आईच तिच्या अंगावर जायची.

आता सडक अर्जुनीला एका दुकानात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. त्यात भरतीचे अर्ज पुष्कळ असतात. समोर मुलगी बसली की मी आधी विचारते, सिकलची तपासणी झाली का. काही जणी चिडतात. चिडू देत. थंडीत मला अजून दुखतं, पण पाळीवर कोसळले होते तसं पुन्हा कधी झालेलं नाही. पाळीवर मी आजही जाते, चालायला. बाबा सोबत असतात आणि मुद्दाम हळू चालतात, म्हणून मी त्यांना चिडवते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच उन्हाळ्यातलं, रोवणीच्या आधीचं. मे महिना संपत आला होता, गोंदिया नुसतं भाजून निघत होतं. मी एकटीच एसटीनं गेले. मॅडमनी माझं रक्त काढलं आणि दुपारी मला आत बोलावलं. पट्टीवर कडेला त्यांची ठळक रेषा होती, पुढे. माझ्या नंबरासमोर मागे जाड एस आणि तिच्या जरा पुढे एक अगदी फिकट सावली. ती बाळपणीच्या हिमोग्लोबिनची, तुझ्यात थोडी टिकली, तिनंच तुला इतकी वर्षं सांभाळलं, असं त्या म्हणाल्या. ए कुठेच नव्हती. पाहुणी निघून गेली होती. जे उरलं ते माझं.

मॅडमनी ती जाड वही उघडली आणि माझ्या जुन्या नोंदी शोधत पानं उलटली. मी टेबलाच्या या बाजूला उभी राहून उलटं वाचत होते. उलटं वाचायची सवय मला परीक्षांमुळे होती. माझं नाव सापडलं. रकान्यात पेन्सिलीनं 'नाही'. त्याच्यापुढे, शेरा लिहायच्या जागी, पेन्सिलीनंच बारीक अक्षरात: 'मुलगी घाबरली आहे. पुन्हा विचारणे.'

त्याखाली गुरुवारची नोंद. पेन्सिलीनं 'नाही'. पुढे: 'पुन्हा विचारणे.'

म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पट्टी करायच्या आधी, माझा डोळा बघितला तेव्हाच. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, मला खोटारडी म्हटलं नव्हतं, बाबांसमोर उघडं पाडलं नव्हतं. माझं रक्त दोनदा तपासलं, आईबाबांचं तपासलं, आणि आमच्यापैकी कुणीतरी आपण होऊन खरं सांगेपर्यंत वाट बघितली. माझे डोळे भरून आले. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष वहीत होतं. त्या नवी ओळ आखत होत्या.

"गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना विचारतात तसंच.

"नाही," मी म्हणाले.

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल अंबाड्यातच होती. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं.